चाळीस घरांची एक बाग

सोसायटीच्या गच्चीवर किंवा आवारातल्या रिकाम्या तुकड्यावर सगळ्यांनी मिळून भाजी लावायची का, असा विषय सभेत निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातून भाजी निघणार ती किती? त्याच्या मागोमाग दुसरा येतो: मंडईत हवी ती भाजी हव्या त्या दिवशी मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्साही मंडळी त्यांना बगल देतात आणि शंकेखोर मंडळी ते विचारून उत्तराची वाट न पाहता निघून जातात. या प्रकरणात दोन्ही प्रश्न शेवटपर्यंत नेऊ. सुरुवात आकड्यांपासून करावी लागेल, कारण आकडे मांडल्याशिवाय सामुदायिक बागेकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे कळत नाही.

१. किती भाजी निघते?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात. हिशेब सोपा राहावा म्हणून हे सगळे वजन भाजीचेच धरू. चार माणसांच्या घराला दिवसाला १.६ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ५८४ किलो भाजी लागेल. चाळीस घरांच्या इमारतीची वर्षाची गरज होते २३,३६० किलो. आता गच्ची पाहू. समजा ती १,००० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर आहे. पाण्याची टाकी, जाण्यायेण्याची वाट, कपडे वाळत घालण्याची आणि उन्हाळी वाळवणाची जागा सोडली तर वाफ्यांसाठी फार तर ४५ चौरस मीटर उरतील. नीट निगा राखलेल्या वाफ्यातून वर्षाकाठी चौरस मीटरला १० किलो भाजी निघते असे मानू. पहिल्या वर्षी तेवढी निघणार नाही, हेही लक्षात ठेवू. गोळाबेरीज येते ४५० किलो. चाळीस घरांच्या गरजेच्या जेमतेम दोन टक्के.

इथे बरेच जण कागद बाजूला ठेवतात. पण हाच ४५० किलोचा आकडा दुसऱ्या बाजूने वाचता येतो. दुधी, कोबी, बटाटा, कांदा यांचा नाद सोडून सगळ्या वाफ्यांत पालेभाजीच लावली तर काय होईल? एक जुडी सरासरी २०० ग्रॅमची धरली तर प्रत्येक घराला दर आठवड्याला एक जुडी द्यायला वर्षभरात २,०८० जुड्या, म्हणजे ४१६ किलो भाजी लागते. तेवढी या गच्चीवर बसते. जी बाग घराच्या गरजेच्या दोन टक्केच भागवते, तीच बाग चाळीसही घरांना आठवड्यातून एकदा तासाभरापूर्वी खुडलेली मेथी, माठ, चुका, अंबाडी किंवा लाल भोपळ्याचा कोवळा पाला देऊ शकते. काय लावायचे याचा निर्णय इथेच लागतो. कांदा-बटाटा टिकाऊ असतो आणि शेतात स्वस्त पिकतो. पालेभाजी तोडल्यापासून कोमेजू लागते, उष्ण हवेत तिच्यातले क जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि वाहतुकीत तिचाच नास जास्त होतो. शहरातली थोडकी जागा जे शेत देऊ शकत नाही त्यालाच द्यावी.

यावर इतिहासातला एक दाखला पुढे केला जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘डिग फॉर व्हिक्टरी’ ही मोहीम चालवली आणि तिथल्या सार्वजनिक भाजीवाफ्यांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. अमेरिकेत सुमारे २ कोटी ‘विजय-बागा’ फुलल्या आणि देशातल्या ताज्या भाजीचा ४० टक्क्यांच्या आसपास वाटा त्यांनी उचलला, असा त्या वेळचा अंदाज आहे. मग आपल्याला दोनच टक्के का? कारण जमीन. ब्रिटनमधला पारंपरिक भाजीवाफा सुमारे २५० चौरस मीटरचा असतो आणि तो एका कुटुंबाला मिळतो. आपल्या हिशेबात चाळीस कुटुंबांमध्ये ४५ चौरस मीटर आहेत. शिवाय त्या बागांमागे युद्धाची निकड होती. युद्ध संपताच त्यातल्या बऱ्याच ओस पडल्या. दाट वस्तीच्या मुंबई-पुण्यासारख्या शहरांनी स्वतःची सगळी भाजी स्वतः पिकवावी ही कल्पना म्हणूनच सोडून द्यायला हवी. ती सोडली की बागेचे काहीच बिघडत नाही. उलट तिच्याकडे नीट पाहता येते.

२. मग खटाटोप कशासाठी?

बागेत काम करणारी माणसे निरोगी असतात, असे निरीक्षण पुष्कळ ठिकाणी नोंदले गेले आहे. पण त्यावर एक योग्य आक्षेप आहे: जी माणसे मुळातच तब्येतीला जपतात, तीच बागेत येत असतील, श्रेय बागेला कसे द्यायचे? या आक्षेपाला उत्तर देण्याचा एक काटेकोर प्रयत्न अमेरिकेत डेन्व्हर भागात झाला. बागेत यायची इच्छा असलेल्या २९१ प्रौढांपैकी कोणाला वाफा लगेच द्यायचा आणि कोणाला प्रतीक्षायादीत ठेवायचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने ठरवले गेले. दोन्ही गटांतली माणसे सारखीच हौशी, फरक फक्त वाफ्याचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाफा मिळालेल्यांच्या आहारातला तंतुमय भाग दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने वाढला, मध्यम ते दमवणारी हालचाल दिवसाला सुमारे ६ मिनिटांनी वाढली, आणि त्यांचा ताण व चिंता दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटली. वजनात किंवा कमरेच्या घेरात मात्र फरक पडला नाही. आकडे लहान आहेत आणि ते लहानच सांगितले पाहिजेत. बाग हे औषध नव्हे. तरीही एका वाफ्यामुळे सामान्य माणसे रोज थोडे जास्त हलतात, थोडी जास्त भाजी खातात आणि थोडी कमी काळजी करतात, हा कोणत्याही नगरपालिकेने मनावर घ्यावा असा लाभ आहे.

याहून मोठा लाभ कचऱ्याच्या डब्यात आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करणे घरोघर बंधनकारक केले, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवावा असे सांगितले. नियम झाला, पण ‘जिरवून त्याचे करायचे काय’ हा प्रश्न इमारतींपुढे उभा राहिला. बाग त्याचे उत्तर आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या सुमारे ३,००० चौरस फुटांच्या गच्चीवर २००२ मध्ये खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी जी बाग सुरू केली, तिची सुरुवातही भाजीच्या हौसेतून झाली नव्हती. रोज निघणारी साले, देठे आणि उष्टे-खरकटे कुठे टाकायचे, ही अडचण होती. त्या अडचणीतून फळझाडे आणि भाजीपाला उभा राहिला. तिथले तंत्र बरेचसे महाराष्ट्रातलेच होते: कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांमध्ये रुजवलेला, पालापाचोळ्यापासून कसदार माती तयार करण्याचा विचार, आणि मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे भरून गच्चीवर केलेली शेती. रसवंतीवाल्याकडे फेकून दिली जाणारी चिपाडे हलकी असतात, पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू कुजून अन्न देतात. शहरी गच्चीसाठी इतका सोयीचा माल दुसरा नाही.

कचऱ्याचाही हिशेब मांडू. एका घरातून दिवसाला एक किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर चाळीस घरांतून वर्षाला १४,६०० किलो निघेल. कुजताना पाणी उडून जाते आणि बराचसा भाग वायुरूपाने निघून जातो. खत म्हणून साधारण पाचवा हिस्सा हाती लागला तरी ते २,९०० किलोंच्या घरात जाते. आपल्या ४५ चौरस मीटर वाफ्यांना चौरस मीटरमागे १० किलो, असे सढळ हाताने खत घातले तरी ४५० किलो पुरतात. म्हणजे बाग जितके खत खाते त्याच्या पाचपटींहून जास्त खत इमारत तयार करू शकते. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे आपल्याला गच्चीवरून शेतापर्यंत नेणारी वाट तोच दाखवतो.

दुर्गंधीची भीती खरी आहे, पण तिचे कारण साधे आहे. ओल्या कचऱ्याला हवा मिळाली नाही की तो सडतो आणि वास येतो. प्रत्येक थराला साधारण तितक्याच आकारमानाचा वाळलेला पाला घातला आणि चार-पाच दिवसांनी ढीग खालीवर केला, तर वास येत नाही. अडचण एवढीच की वाळलेला पाला फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत ढिगांनी मिळतो आणि जुलैत शोधून सापडत नाही. ज्या इमारती मार्चमध्ये पाला जाळण्याऐवजी गोणींत भरून कोरड्या जागी ठेवतात, त्यांचे खत पावसाळ्यातही चालू राहते.

३. बाग मरते कशाने?

सामुदायिक बागा किडीने क्वचितच मरतात. पहिल्या वर्षी पंधरा-वीस घरे उत्साहाने येतात, फोटो निघतात, पहिली भेंडी वाटली जाते. मे महिन्यात निम्मी घरे गावी जातात आणि वाफे सुकतात. जूनमध्ये नव्याने लावलेली रोपे मुसळधार पावसात कुजतात. तोवर सगळा भार एक-दोन घरांवर आलेला असतो. कोणीतरी न विचारता टोमॅटो तोडून नेतो, त्यावरून कुरबूर होते, आणि भार वाहणारी व्यक्ती थकून बाजूला होते. दुसऱ्या वर्षी गच्चीवर रिकाम्या कुंड्या उरतात. यात शेतीचे अज्ञान थोडे आणि व्यवस्थेचा अभाव फार. सामाईक बाग म्हणजे आधी सामाईक व्यवहार. भाजी ही त्या व्यवहारातून निघणारी वस्तू. या प्रकरणातले सगळे मुद्दे शेवटी याच म्हणण्यावर उभे आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

सामाईक गोष्ट लोक ओरबाडून संपवतात, म्हणून ती एक तर सरकारकडे द्यावी नाहीतर खासगी करावी, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ मानले जात होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली कुरणे, जंगले, मासेमारीची पाणथळे आणि सिंचनाचे पाट अभ्यासून दाखवले की तिसरा मार्गही आहे: माणसे स्वतः नियम करून सामाईक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. १९९० च्या त्यांच्या पुस्तकात अशा टिकलेल्या व्यवस्थांची समान लक्षणे मांडलेली आहेत, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. लक्षणांपैकी आपल्या कामाची चार: सभासद कोण हे स्पष्ट असावे, घेणे आणि देणे प्रमाणात असावे, नियम पाळणाऱ्यांनीच ते ठरवलेले असावेत, आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्यांदा सौम्य, मग वाढत जाणारी समज मिळावी.

यासाठी परदेशात पाहण्याची गरज नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत शतकानुशतके चालत आली. भिजणारे क्षेत्र काही फडांत विभागलेले असते, एका फडात एकच पीक घेतले जाते आणि पुढच्या वर्षी ते फिरते. पाणी देण्याचे काम पाटकरी करतो, राखणीचे जागल्या, देखरेखीचे हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकरी मिळून देतात. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवतात, आणि त्याची झळ एकट्यादुकट्याला बसत नाही. आपल्या बागेच्या सभेत हमखास येणारा एक आक्षेप फड पद्धत सहज निकालात काढते. आक्षेप असा: पगारी माळी ठेवला तर ती बाग सामुदायिक कसली? फडातला पाटकरी मोबदला घेऊनच पाणी देत होता, तरी फड सामाईकच राहिला, कारण काय पेरायचे, किती भिजवायचे आणि कोणाला काय मिळायचे हे निर्णय शेतकऱ्यांच्या हातात होते. हात कोणाचे राबतात यापेक्षा निर्णय कोण घेते, हे जास्त महत्त्वाचे.

शहरी वाचकाला ओळखीचे उदाहरण द्यायचे तर बाग भिशीसारखी चालवावी. भिशीत कोण आहे हे ठाऊक असते, हप्ता ठरलेला असतो, पाळी कोणाची ते आधी माहीत असते, आणि मध्येच सोडणाऱ्याचे काय करायचे हेही आधीच बोललेले असते. विश्वास असतो, पण तो नियमांच्या जागी नसतो; नियमांमुळे टिकतो. बागेतला हप्ता म्हणजे आठवड्याचे दोन तास किंवा त्याऐवजी ठरावीक वर्गणी. पाळी म्हणजे पाणी घालण्याचा वार. उचल म्हणजे भाजी, आणि ती ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसमोर खुडून वाटायची. एरवी वाफ्याला हात लावायचा नाही. चोरी नावाची कटकट या एका नियमाने बरीचशी संपते, कारण ‘मला वाटलं चालेल’ म्हणायला जागा उरत नाही. गावी जाणाऱ्याने आपला वार कोणाला दिला ते फळ्यावर लिहावे. सगळे जण मे महिन्यात जातच असतील, तर एप्रिलअखेर वाफे पाल्याने झाकून विश्रांतीला ठेवावेत आणि जूनच्या मध्यानंतर वेलवर्गीय भाज्या व अळू यांनी सुरुवात करावी. जुन्या घरांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढायची. पावसाळ्याच्या ओलीत ही पिके नुसती तगत नाहीत, ती फोफावतात.

आणखी एक गोष्ट सभेच्या कागदावर क्वचितच येते. इमारतीत शेती सर्वांत जास्त कोणाला कळते? बहुतेक ठिकाणी रखवालदाराला, घरकामाला येणाऱ्या बाईंना, जिना झाडणाऱ्या मावशींना. त्यांतली बरीच माणसे शेतातून शहरात आलेली असतात. पेरणी कधी, पाणी किती, मावा कशाने जातो, हे त्यांना पुस्तकाविना माहीत असते. त्यांना फुकट राबवून घेणे हा अन्याय आहे, आणि त्यांच्या ज्ञानाविना बाग चालवणे हा मूर्खपणा. ज्यांना वेळ द्यायचा आहे त्यांना सभासद करून वाट्याची भाजी द्यावी, आणि ज्यांना कामाचे पैसे हवे आहेत त्यांना ते चोख द्यावेत. ही तरतूद पहिल्याच सभेत व्हायला हवी.

४. जागा कोणाची?

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी कचऱ्याने भरलेला एक ओसाड भूखंड साफ करून बाग केली. पुढच्याच वर्षी महापालिकेने तो महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिला, आणि शहरभर अशा शेकडो बागा झाल्या. बागांमुळे वस्त्या राहण्याजोग्या झाल्या, जमिनींचे भाव वाढले, आणि १९९९ मध्ये त्याच महापालिकेने शंभराहून अधिक बागांच्या जमिनी लिलावात काढायचे ठरवले. स्वयंसेवी संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. यातले दुखणे उघड आहे: बाग जितकी चांगली, तितकी तिच्याखालची जमीन महाग, आणि लेखी हक्क नसेल तर बाग आपल्याच यशाने जाते. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने याच्या उलट टोक गाठले. सहा मतदार नागरिकांनी मागणी केली तर भाजीवाफ्यांसाठी जमिनीची तजवीज करण्याचा विचार स्थानिक संस्थेला करावाच लागतो.

आपल्याकडे असा कायदा नाही. त्यामुळे गच्चीवर बाग करायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा. गच्ची सगळ्या सभासदांची सामाईक जागा असते, वरच्या मजल्यावरच्यांची नव्हे, आणि नुसत्या तोंडी होकारावर उभी राहिलेली बाग पुढच्या कार्यकारिणीच्या एका निर्णयाने जाते. महापालिकेचा किंवा शाळेचा तुकडा असेल तर किमान तीन वर्षांचे पत्र मागावे. पाचोळ्यातून माती तयार व्हायलाच एक हंगाम जातो. वर्षभराच्या परवानगीत लावणारा खर्च करतो आणि फळ दुसऱ्याला मिळते.

५. वजन, पाणी, माती

गच्ची गळेल, ही शंका जुन्या इमारतींत विशेष ऐकू येते. ती हट्टाने खोडून काढू नये, मोजावी. ओली माती घनमीटरला सुमारे १.७ टन भरते. सहा इंच जाडीचा मातीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २५५ किलो. भारतीय मानकांनुसार ये-जा असलेली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोंचा जास्तीचा भार धरून आखलेली असते. म्हणजे शेतातली माती गच्चीवर पसरणे सरळसरळ धोक्याचे आहे. चिपाडे, पाला, नारळाचा भुसा आणि खत यांचे मिश्रण याच्या निम्म्याच्या आसपास भरते. म्हणून गच्चीवरच्या वाफ्यात माती चवीपुरतीच असावी, वाफे तुळयांच्या आणि खांबांच्या रेषेत ठेवावेत, गच्चीला न टेकवता विटांवर उचलून ठेवावेत, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्यावे. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत त्याने नको म्हटले तर बाग खाली आवारात न्यावी.

मातीच्या शुद्धतेचा प्रश्न आवारातल्या बागेत येतो. मुंबईतल्या रेल्वेरुळांकडेच्या भाज्या पुष्कळांनी पाहिल्या आहेत. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेत रेल्वे आपल्या जमिनी लागवडीला देत असे. त्या भाजीबद्दल जी नाराजी आहे तिचे मूळ शहरी शेतीत नाही, सांडपाण्यात आहे. जुन्या रंगांतले आणि पूर्वीच्या वाहनांच्या धुरातले शिसे मातीत वर्षानुवर्षे राहते. पालेभाज्या कॅडमियम सहज शोषतात आणि धूळ पानांवर बसते. बांधकामाचा राडारोडा किंवा जुने गॅरेज असलेल्या जागेत जमिनीत लावू नये. तळाला जाड अस्तर घालून वर नव्या मिश्रणाचे उंच वाफे करावेत. रस्त्याकडेला पालेभाजीऐवजी वेलावरची फळभाजी लावावी. नाल्याचे पाणी कधीही नाही. पाण्याची टंचाई हा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे, आणि जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथे बागेने उन्हाळ्यात थांबावे.

६. उरलेले खत कुठे जाते?

आपल्या इमारतीत वर्षाला अडीच टनांच्या आसपास खत शिल्लक राहते, आणि तिला वर्षाला तेवीस टन भाजी बाहेरून आणावी लागते. शहराभोवती पन्नास-साठ किलोमीटरवर असे शेतकरी आहेत ज्यांच्या जमिनीला सेंद्रिय खत हवे आहे आणि ज्यांच्या भाजीला पडत्या बाजारात वाहतुकीचा खर्चही सुटत नाही. बागेचा गट ही दोन टोके जोडू शकतो. अशी जोडणी जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेइ’ नावाने उभी राहिली. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर इथल्या दोन शेतांनी तिची सुरुवात केली. घरे हंगामाच्या आधी शेतकऱ्याला काही रक्कम देतात आणि दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्याचा वाटा घेतात. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांची योजना सुरू झाली. त्यामुळे शेतकऱ्याला थेट इमारतीच्या दारात विकणे सोपे झाले.

इथे एक समजूत दुरुस्त करावी लागेल. जवळचे अन्न म्हणजे आपोआप पर्यावरणाला हितकर, असे म्हटले जाते. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के आढळला; शेतातून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा अवघा ४ टक्के. आपला आहार आणि आपले ट्रक वेगळे आहेत, पण मुद्दा लागू पडतो: किलोमीटर वाचवले म्हणून फार मोठा फरक पडत नाही. जवळच्या शेतकऱ्याशी जोडून घेण्याची खरी कारणे दुसरी आहेत. खत शेतात परत जाते. भाजी खुडल्यापासून काही तासांत मिळते. फवारणी काय केली हे विचारता येते आणि उत्तर देणारा समोर असतो. आणि वाणांचे वैविध्य टिकते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाल, घेवडा, भात यांची बियाणी जपून बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असे वाण पेरणारा शेतकरी बाजारात एकसारखा माल मागणाऱ्या व्यापाऱ्याला विकू शकत नाही. चवीसाठी घेणारी चाळीस घरे असतील तर विकू शकतो. संकरित बियाण्याचे बी धरून पुन्हा पेरले तर तेच पीक येत नाही, म्हणून गच्चीवरच्या वाफ्यांतही निदान वालाचे आणि माठाचे देशी वाण लावून बी राखावे.

‘भाजी महाग पडेल’ हा शेवटचा आक्षेप. काही आठवडे पडेल, काही आठवडे स्वस्त पडेल. कोथिंबीर मातीमोल होते त्या आठवड्यात घरांनी ठरलेला दर द्यायचा, आणि तिचे भाव गगनाला भिडतात तेव्हा शेतकऱ्याने ठरलेल्या दरातच द्यायची. हंगामाची सरासरी दोघांनाही परवडली पाहिजे. हे कोणाच्या चांगुलपणावर सोडता येत नाही, कागदावर यावे लागते. गारपिटीने किंवा लांबलेल्या पावसाने टोपली रिकामी आली तर त्या आठवड्याचे पैसे कोणाचे, हेही त्याच कागदावर हवे. सोपा तोडगा असा की निम्मी रक्कम आगाऊ आणि परत न मागण्याच्या बोलीवर द्यावी, कारण ती बियाण्यात आणि मशागतीत गेलेली असते; उरलेली निम्मी भाजी हातात आल्यावर द्यावी. टोपली घेऊन येणारा टेम्पो परत जाताना खताच्या गोणी नेतो, आणि त्यांचा दर हिशेबातून वळता होतो. नव्या गटाने पहिला करार ऑक्टोबर ते जानेवारी एवढाच करावा. त्या चार महिन्यांत मेथी, पालक, मुळा, गाजर, फ्लॉवर, ओला वाटाणा भरभरून येतात आणि रिकाम्या टोपलीचा धोका कमी असतो. फेब्रुवारीत घरे आणि शेतकरी यांनी एकत्र बसून दर, प्रमाण आणि नको असलेल्या भाज्यांची यादी नव्याने ठरवावी, आणि मगच पावसाळ्याच्या हंगामाचे बोलावे.